दोन नंबरचं कॉम्प्रेशन: मारुती ८०० च्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी: मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. एफ८बी इंजिन, तीन सिलेंडर, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी, प्रत्येक सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह. फायरिंगचा क्रम १-३-२. बाबांनी नवी घेतली होती. २०१५ पासून सीएनजीवर. मीटर: १,२८,४१०.

५ जानेवारी २०१९, शनिवार. वाई

संध्याकाळी साडेपाचला खंबाटकी घाट चढताना इंजिनचा एक सिलेंडर गेला. गाडीत आम्ही चौघं, डिकीत गॅसची टाकी, मामांसाठी घेतलेलं सामान मांडीवर. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर जवळपास तळाला. एका वळणावर सायलेन्सरमधून एकदाच ‘भक्क’ असा आवाज आला आणि तिथून पुढं गाडीचा जोरच गेला. स्टिअरिंग, आरसा, दारं, सगळं थरथरायला लागलं. सायलेन्सरमधून एका लयीत फट्... फट्... ऐकू येत होतं. तापमानाचा काटा जागेवर, ऑइलचा दिवा विझलेला, धूर नाही.

कडेला घेऊन दोनच गोष्टी पाहिल्या. गॅसवरून पेट्रोलवर घेतली, थरथर तशीच. म्हणजे रेड्युसर, मिक्सर वगैरे गॅसकिटचं काही नाही. दोन्ही इंधनांना सामायिक असलेलं काहीतरी गेलंय. मग कॉइलची वायर काढून सेल्फ मारला आणि कान दिला. तीन सिलेंडरचं धडधाकट इंजिन सेल्फवर एकसारखं फिरतं, घ्यँव-घ्यँव-घ्यँव. आता दोन ठोके जड आणि एक पोकळ पडत होता: घ्यँव-घ्यँव-सुर्र. त्या एका ठोक्याला सेल्फला दाबायला समोर काही नव्हतंच.

चार सिलेंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, इथं तिसरा हिस्सा जातो. उरलेला चढ पहिल्या गिअरमध्ये काढला, सुरूर फाट्यावरून वळून वाईपर्यंत वीस-पंचवीसच्या वेगानं आलो. रात्री नऊला पोचलो. मामा म्हणाले, “अरे, फोन केला असतास तर मी जीप घेऊन आलो असतो.” बरोबर होतं त्यांचं. लहान मुलं गाडीत असताना एवढं ओढायला नको होतं.

६ जानेवारी, रविवार. वाई

सकाळी मामांच्या अंगणात. हत्यारं म्हणजे प्लगपाना, पेंचिस आणि एक स्क्रू ड्रायव्हर.

इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर काढली. एक नंबरची काढल्यावर इंजिन बंद पडायला आलं. तीन नंबरचंही तसंच. दोन नंबरची काढली आणि काहीच फरक नाही. गेलेला सिलेंडर दोन नंबरचा, मधला.

दोनचा प्लग बाहेर काढला: कोरडा, काजळी थोडी, पोर्सिलिन शाबूत. ठिणगी निळी आणि ठसठशीत. तरी खात्री म्हणून एक आणि दोनचे प्लग अदलाबदल केले. दोष प्लगबरोबर सरकला नाही, दोनलाच राहिला. ठिणगी आहे, इंधन आहे, तरी पेटत नाही, याचा अर्थ सिलेंडरमध्ये दाब तयार होत नाहीये.

मामांनी त्यांच्या जीपच्या दिवसांतली एक युक्ती दाखवली. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा. इंजिन ठीक असेल तर कागद फक्त बाहेर फडफडत राहतो. इथं तो मधूनमधून आत ओढला जात होता आणि नळीच्या तोंडाला चिकटत होता. इनटेकच्या ठोक्याला पिस्टन खाली जाताना कार्बोरेटरकडून हवा घ्यायची, तर तो सायलेन्सरकडूनही हवा ओढतोय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) बंद होत नसेल तरच असं होईल. कपट्यावरून निकाल लावायचा नाही असं ठरवलं, पण संशय पहिल्याच दिवशी जागेवर येऊन बसला.

गाडी चालवत पुण्याला न्यायची नाही. दोन नंबरमध्ये न जळलेलं इंधन तसंच सायलेन्सरमध्ये जात राहणार, आणि आत काही तुटलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला ते बोअर (सिलेंडरची आतली भिंत) खरवडणार. उद्या टेम्पो.

८ जानेवारी, मंगळवार. चिंचवड

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली. येताना एका गॅरेजला दाखवली. तिथल्या मिस्त्रींनी सेल्फ एकदा ऐकला आणि सांगितलं, “साहेब, कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन उतरवू, रिंगा-पिस्टन नवे टाकू, बोअर करून घेऊ.” आकडा माझ्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जाणारा.

कॉम्प्रेशन गेलंय हे खरंच आहे. पण ते कुठून गेलं हे कळल्याशिवाय इंजिन उतरवायला माझं मन तयार होत नाही. दाब बाहेर पडायला वाटा मोजक्याच: इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा (किंवा खुद्द पिस्टनला पडलेलं भोक), हेड पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील), आणि क्वचित हेडला गेलेली चीर. यातल्या व्हॉल्व्हच्या दोन्ही वाटा हेडमध्ये आहेत, हेड वरून निघतं. रिंगांची वाट खाली आहे. कोणती वाट, हे गाडी न उघडता कळू शकतं. मी भोसरीच्या कंपनीत क्वालिटी विभागात अठरा वर्षं मोजमाप करतोय. कारखान्यात न मोजता जॉब कापला तर मी सही करत नाही.

१२ जानेवारी, शनिवार

सुट्टी. कॉम्प्रेशन गेज मित्राचं, चुडीवालं (रबर दाबून धरायचं नाही, १४ मिमीच्या प्लगच्या भोकात आट्यांनी बसतं).

तयारी नीट केली, कारण या चाचणीत आकडे चुकायला फार जागा आहेत. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. इंजिन दोन सिलेंडरवर पाच मिनिटं चालवून कोमट केलं. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोलही बंद, कॉइलची वायर काढलेली. तिन्ही प्लग बाहेर. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तो दाबला नाही तर सिलेंडरला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. बायको ॲक्सिलरेटरवर आणि किल्लीवर, मी गेजवर. प्रत्येक सिलेंडरला सात-सात ठोके.

एक नंबर: ११.५ किलो प्रति चौ. सेंमी.
दोन नंबर: २.२
तीन नंबर: ११.२

एक आणि तीनचे आकडे पाहून जीव भांड्यात पडला. सव्वा लाखाहून जास्त चाललेल्या इंजिनला हे उत्तम आहेत, आणि एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तेच माझं माप.

आकड्याइतकंच काट्याच्या चालीकडे पाहायला हवं. एक नंबरला काटा पहिल्या ठोक्याला ४ वर, मग ७, मग ९, असा चढत गेला. रिंगा घासलेल्या असतील तर काटा पहिल्यांदा कमी उचलतो, पण रडतखडत वर येत राहतो. दोन नंबरला तो पहिल्याच ठोक्याला २ वर गेला आणि तिथंच बसला. पुढचे सहा ठोके वाया. मोठी, उघडी वाट आहे.

मग ओली चाचणी. दोन नंबरच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडलं, दोन फेरे फिरवून ते पसरू दिलं, परत मोजलं: २.४. ऑइल रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजवतं. वाट रिंगांतून असती तर आकडा ५-६ पर्यंत उडाला असता. तुलनेसाठी एक नंबरलाही तेवढंच ऑइल घातलं: ११.५ चे १२.३. म्हणजे ऑइलनं जेवढा फरक चांगल्या सिलेंडरला पडायला हवा तेवढाच पडतोय. रिंगा संशयातून सुटल्या. पिस्टनला मोठं भोक असतं तर चमचाभर तेलानं तेही बुजलं नसतं, म्हणून पिस्टन अजून पूर्ण सुटलेला नाही. उद्या.

१३ जानेवारी, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सर्वात समाधानाचा. सविस्तर लिहितो.

आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणाऱ्या रॉकरमधली फट. व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. इंजिन रात्रभराचं गार. पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवत दोन नंबर कॉम्प्रेशनच्या ठोक्याला वर आणला. वर आलाय हे दोन खुणांनी पक्कं केलं: प्लगच्या भोकातली प्लास्टिकची नळी सर्वात उंच, आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर दोनच्या वायरकडे तोंड करून. या जागेवर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही रॉकर किंचित सैल हलले पाहिजेत.

इनटेकचा रॉकर हलला, फीलर गेजवर (फट मोजायची पातळ पाती) ०.१४ मिमी. एक्झॉस्टचा हललाच नाही. सर्वात पातळ पातं ०.०५ चं, तेही जाईना. रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीवर घट्ट बसलेला. बाकीच्या दोन सिलेंडरचे एक्झॉस्टही मोजले: ०.०८ आणि ०.१०. हवं त्यापेक्षा कितीतरी कमी.

आता एक शक्यता उभी राहिली जी मला फार हवीहवीशी होती: व्हॉल्व्ह चांगला आहे, फक्त रॉकर त्याला दाबून उघडा धरतोय. तसं असेल तर पाच मिनिटांचं काम. चेकनट सोडला, स्क्रू उलटा फिरवून ०.२० ची फट दिली, रॉकर मोकळा वाजला. परत कॉम्प्रेशन मोजलं.

३.१.

थोडा चढला, पण अकराच्या जवळपासही नाही. रॉकर त्याला उघडा धरत होता हे खरं. आता मोकळा सोडल्यावरही तो मिटत नाही. व्हॉल्व्हचं तोंडच गेलंय, किंवा तोंडात काहीतरी अडकलंय. कधीकधी काजळीची खपली सुटून व्हॉल्व्ह आणि सीट (तो जिथं टेकून मिटतो ती कडा) यांच्या मध्ये अडकते आणि अशीच अचानक वाट लावते. म्हणून रॉकर बाजूला सारला आणि लाकडी ठोकळा ठेवून व्हॉल्व्हच्या दांडीवर हलक्या हातानं चार-पाच टिचक्या दिल्या, की खपली असेल तर सुटावी. परत मोजलं. ३.१ च.

दुपारी हवेची चाचणी. जुन्या प्लगचं पोर्सिलिन फोडून काढलं, उरलेल्या लोखंडी अंगात हवेच्या पाइपचा निपल वेल्ड करून आणलेला होता. रंगकाम करणाऱ्या शेजारच्या काकांनी त्यांचा छोटा कॉम्प्रेसर दिला. दोन नंबर परत वर आणला, गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पाना पुलीवरून काढून ठेवला, कारण पिस्टन नेमका वर नसेल तर हवा इंजिनला झटक्यात फिरवते आणि पाना हात मोडतो. ३ किलोच्या दाबानं हवा सोडली. मग रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं एकेका जागी.

कार्बोरेटरच्या तोंडाशी: शांत. इनटेक व्हॉल्व्ह सुटला.
ऑइल भरायच्या भोकाशी: अगदी मंद श्वास, एक नंबरला हवा दिल्यावर येत होता तेवढाच. पिस्टन आणि रिंगा सुटल्या.
रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात: एकही बुडबुडा नाही.
सायलेन्सरशी: नळीची गरजच नाही, सरळ सूंऽऽ. लिटरभर दुधाची रिकामी पिशवी सायलेन्सरच्या तोंडाला दोऱ्यानं बांधली. ती फुगून टम्म झाली. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण तेवढ्यात तीन नंबरच्या प्लगच्या भोकाशी कान नेला आणि तिथंही जोराचा सुसाट ऐकू आला. पोटात गोळा आला. दोनची हवा तीनमध्ये येतेय म्हणजे मधलं हेड पॅकिंग फुटलं, हा पहिला विचार. वर बसून कागदावर आकृती काढली तेव्हा उलगडा झाला. फायरिंगचा क्रम १-३-२, दोन ठोक्यांमध्ये २४० अंश. दोन नंबर कॉम्प्रेशनला वर असतो तेव्हा तीन नंबर आपल्या जाळाच्या जागेपासून २४० अंश पुढं गेलेला असतो, म्हणजे ऐन एक्झॉस्टच्या ठोक्यात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा. दोनमधून निसटलेली हवा मॅनिफोल्डमध्ये (तिन्ही सिलेंडरच्या एक्झॉस्टची सामायिक नळी) जाते, तिथून तीनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून उलटी आत शिरते आणि प्लगच्या भोकातून बाहेर पडते. कव्हर उघडंच होतं. पाहिलं तर तीनच्या एक्झॉस्टचा रॉकर खरोखर खाली दाबलेला.

तरी पॅकिंगला वेगळं तपासल्याशिवाय सोडलं नाही. आता तीन नंबर कॉम्प्रेशनला वर आणला, हवा तीनमध्ये सोडली आणि कान दोनच्या भोकाशी नेला. पॅकिंग फुटलं असतं तर हवा इकडूनही तिकडं गेली असती. एकदम शांत. शिवाय पॅकिंग दोन सिलेंडरच्या मध्ये फुटलं की दोघांचंही कॉम्प्रेशन पडतं, आणि तीनचं तर ११.२ होतं.

निदान: दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय. हेड उतरवायचं. इंजिन गाडीतच राहणार.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली.

दिवाळीच्या सुमारास बायको म्हणाली होती, “अहो, हल्ली गाडी किती शांत चालते!” मलाही बरं वाटलं होतं. या इंजिनला टॅपेटची एक बारीक टिकटिक नेहमी असायची, ती नाहीशी झाली होती. मी समजलो, नवीन ऑइलचा गुण. ती टिकटिक म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट होती. आवाज गेला याचा अर्थ फट गेली, आणि फट गेली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापतो. त्याची बहुतेक उष्णता बंद असताना सीटमधून हेडच्या पाण्याकडे जाते. टेकायलाच मिळालं नाही तर ती जायची कुठं? थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं इंजिन लंगडायचं, तेही मी चोकवर ढकललं. वाजणाऱ्या टॅपेटला सगळे गॅरेजला नेतात. गप्प झालेल्याला कोणी नेत नाही.

१९ जानेवारी, शनिवार

हेड उतरवलं. पाणी काढलं, मॅनिफोल्ड सोडली, टायमिंग बेल्ट सोडण्याआधी खुणा जुळवून फोटो काढले. हेडचे बोल्ट बाहेरून मधे, थोडेथोडे करून सैल केले. एकदम सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड वाकायची भीती.

हेड उलटं ठेवलं आणि बघताक्षणी कळलं. एक आणि तीनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तपकिरी, काठ अखंड गोल. दोनच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढी खाच, इंग्रजी व्ही अक्षरासारखी आत गेलेली, कडा वितळून पांढुरक्या झालेल्या. समोरच्या सीटवर त्याच जागी खरवडल्यासारखा पाट. गरम वायू आधी केसाएवढ्या फटीतून निसटायला लागतो, तीच जागा आणखी तापते, आणखी उडते. आठवडेच्या आठवडे हे हळूहळू चाललं असणार. खंबाटकीच्या चढावर, पूर्ण भारावर, शेवटचा तुकडा गेला. म्हणून आम्हाला ते अचानक वाटलं.

तुकडा आत पडून राहिलाय का ते टॉर्च लावून पाहिलं. पिस्टनच्या माथ्यावर एकही ठोका नाही. बोअरला ओरखडा नाही, होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. तिन्ही बोअर हातानं चाचपले, वर काठाची पायरी जेमतेम जाणवते. गॅरेजमध्ये सांगितलेलं पिस्टन-रिंगांचं काम या इंजिनला लागतच नव्हतं.

२० जानेवारी, रविवार

व्हॉल्व्ह काढून मोजमाप. कंपनीतून डेप्थ मायक्रोमीटर आणि डायल आणण्याची परवानगी घेतली होती.

हेडच्या पृष्ठभागापासून बंद व्हॉल्व्हच्या तोंडापर्यंतची खोली: दोनचा एक्झॉस्ट एकच्या एक्झॉस्टपेक्षा ०.३५ मिमी जास्त आत बुडलेला. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसला की त्याची दांडी तेवढीच वर, रॉकरकडे सरकते. फट खाऊन टाकायला ०.२ मिमी झीजही पुरते. सगळा हिशोब जुळला.

दोनच्या गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा जास्त डुगडुगतो, डायलवर जवळपास दुप्पट. डुगडुगणारा व्हॉल्व्ह दरवेळी सीटवर वेगळ्या जागी टेकतो, म्हणून तिन्हींत हाच आधी गेला.

आणि सीट का झिजली? पेट्रोल थेंबांच्या रूपात येतं, व्हॉल्व्ह-सीटला थोडं गार करतं, थोडा ओलावा देतं. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, वायूच. कोरडा आत येतो, कोरडा जळतो. धातूवर धातू कोरडा आपटत राहतो. म्हणून गॅसवर चालणाऱ्या गाडीला टॅपेट जास्त वेळा तपासावे लागतात. २०१५ मध्ये किट बसवताना मला हे सांगितलं गेलं होतं, डायरीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. शेवटचं टॅपेट सेटिंग: डिसेंबर २०१६. दोन वर्षं, २३,००० किलोमीटर. यात गाडीचा दोष नाही, गॅसचाही नाही. दुर्लक्ष माझं.

२४ जानेवारी, गुरुवार

अर्धा दिवस रजा. हेड नाना पेठेत मशिन शॉपला दिलं. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण पेठेत सामान अजून पहिल्या दुकानात मिळतं. तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सहा सील, पॅकिंगचा संच, टायमिंग बेल्ट, सगळं एका फेरीत.

शॉपचे मालक म्हणाले, “गाईड चालतंय की साहेब अजून. सीट कापून देतो.” मी डायलचे आकडे दाखवले. सीट कापायच्या कटरची सळई गाईडमध्ये बसते, गाईडच केंद्र ठरवतं. सैल गाईडवर कापलेली सीट वाकडीच होणार. ते हसून म्हणाले, “मग तिन्ही बदलू.” तसंच ठरलं: तिन्ही एक्झॉस्टचे गाईड नवे, दोनला नवी कडक सीट, बाकीच्या सीटना ४५ अंशांचा कट, वर-खाली दोन कट देऊन रुंदी आवरायची. हेडवर सरळपट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून पाहिली, ०.०५ चं पातं कुठंच जाईना. फेसिंगची (पृष्ठभाग कापून सपाट करायची) गरज नाही.

२६ जानेवारी, शनिवार

हेड परत आलं. काम देखणं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला निळा रंग लावून सीटवर टेकवलं. पट्टा सगळीकडे अखंड, सारख्या रुंदीचा, व्हॉल्व्हच्या तोंडाच्या साधारण मधोमध. मग स्प्रिंगा बसवून हेड आडवं ठेवलं आणि पोर्टमध्ये रॉकेल भरलं. वीस मिनिटं. सहाही कोरडे.

२७ जानेवारी, रविवार

जोडणी. ब्लॉकचा पृष्ठभाग साफ, बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी फुंकून काढलं (राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो). नवं पॅकिंग, बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं. टायमिंगच्या खुणा जुळवून नवा बेल्ट. सेल्फ मारण्याआधी पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे, कुठं अडत नाही ना. टॅपेट मॅन्युअलप्रमाणे.

२ फेब्रुवारी, शनिवार

पाणी, ऑइल नवं. पहिल्याच सेल्फला चालू. टिकटिक आहे.

इंजिन गरम करून कॉम्प्रेशन: ११.६, ११.३, ११.४.

कागदाचा कपटा धरला. फक्त बाहेर फडफडतो. मामांना फोन करून सांगितलं, ते मिनिटभर नुसते हसत राहिले.

खर्च त्या पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, टेम्पो धरून. स्ट्रोबच्या दिव्यानं ठिणगीचं टायमिंग लावलं. आजपासून सकाळी पेट्रोलवर चालू करायची, तापमानाचा काटा हलल्यावरच गॅस.

१७ मार्च, रविवार

मीटर १,२९,४३५. बसवल्यापासून हजार किलोमीटर. इंजिन गार असताना एक्झॉस्टचे टॅपेट: एक ०.१८, दोन ०.१६, तीन ०.१८. दोनची नवी सीट बसतेय, ०.०२ कमी झाले, परत ०.१८ केले. हेडच्या खाली ऑइल-पाण्याचा ओघळ नाही.

काल खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, काचा खाली करून. पुढची तपासणी १,३१,५०० ला. आकडा डॅशबोर्डवर पट्टी लावून लिहिलाय.